पापे परत मिळणेबाबत

तक्त्याला सहा रकाने होते. नव्या बाईंचं अजूनही म्हणणं आहे की आपण पाचावर थांबलो असतो तर पुढचं रामायण घडलं नसतं. अनुक्रमांक, पाप (थोडक्यात), किती वेळा, कोणाविरुद्ध, साक्षीदार असल्यास, आणि पश्चात्ताप – आहे, नाही, अंशतः, यांपैकी लागू नसेल ते खोडावे. खाली मुलाची सही, सहीखाली तारीख. तक्ता इतका देखणा झाला होता की कचेरीतल्या साहेबांनी तो प्रिंटरमधून उचलला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि "हा नवा नमुना कधीपासून लागू?" एवढंच विचारलं.

नव्या बाई विमा कंपनीत दावे तपासायच्या. एकोणीस वर्षं हेच काम. आग लागली म्हणतात ती लागली की लावली, गाडी झाडावर आदळली की झाड गाडीवर पडलं, हे नुसत्या कागदावरून ओळखायचं. अशा बाईच्या हाती सात-आठ वर्षांची अकरा मुलं आणि त्यांची पापं कुणी शहाण्याने दिली नसती. तशी ती कुणी दिलीही नव्हती. त्यांनीच ओढवून घेतली होती.

त्याचं असं झालं. चर्चमागच्या खोलीत रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे मोठ्या प्रार्थनेनंतर, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. तो तीस वर्षं त्यांच्या आईने घेतला. मुलं तिला नुसतं 'बाई' म्हणायची. आणि मुलांच्या आईबापांनाही तिनेच शिकवलेलं असल्यामुळे तेही 'बाई'च म्हणायचे. यंदाच्या अकरा मुलांचे सात धडे झाले आणि आठव्या धड्याआधी आई गेली. आठवा धडा पापनिवेदनाचा. तो झाला की मुलं आयुष्यात पहिल्यांदा एकेकटी जाऊन फादरांना आपल्या चुका सांगणार, क्षमा घेणार, आणि मग त्यांना पहिला ख्रिस्तप्रसाद मिळणार.

फादर तरुण होते आणि भले होते. म्हणाले, "ही मुलं आपण शेजारच्या चर्चच्या धर्मग्रामात पाठवू. तिथे सिस्टर आहेत, प्रोजेक्टर आहे. या खोलीत खुर्च्या ठेवता येतील."

"वर्ग मी घेते," असं कुणीतरी म्हणालं. आवाज आपलाच आहे हे नव्या बाईंना जरा उशिराच कळलं.

फादर घुटमळले. "तुम्ही... बऱ्याच दिवसांत मिस्सेला दिसला नाहीत."

बरेच दिवस म्हणजे अकरा वर्षं. पण फादरांना येऊन चारच झाली होती, त्यामुळे त्यांचा अंदाज तेवढाच. "दिसेन आता," त्या म्हणाल्या.

मग ठरलं ते असं: महिनाअखेरच्या शनिवारी अकराच्या अकरा मुलांचं पापनिवेदन नीट पार पडलं तर वर्ग इथेच राहील. नाही पडलं तर मुलं तिकडे, खुर्च्या इकडे. आईची खोली खुर्च्यांना द्यायची की नाही, हे आता अकरा मुलांच्या पापांवर ठरणार होतं.

आईची वही होती. जाड पुठ्ठ्याची, दरवर्षी तीच. कुठल्या धड्याला कुठली गोष्ट, कुठल्या मुलाला खिडकीपाशी बसवायचं नाही, मुलं कुठे हसतील आणि किती वेळ हसू द्यायची, सगळं बारीक अक्षरात. फक्त आठव्या धड्याच्या पानावर वर 'पापनिवेदन' एवढं शीर्षक आणि समासात एकाखाली एक तीस तारखा. बाकी पान कोरं.

नव्या बाईंनी पान उलटून पाहिलं, दिव्यासमोर धरून पाहिलं. माणूस खोटं बोलतो ते रिकाम्या जागेत, हा त्यांच्या कचेरीचा पहिला धडा. कोरी जागा दिसली की त्यांना घाम फुटायचा. आईला या धड्याची तयारी करायला तीस वर्षांत सवडच झाली नसावी, असा निष्कर्ष काढून त्यांनी तक्ता बनवला.

"प्रत्येकाने दहाच्या दहा ओळी भरायच्या," रविवारी त्यांनी वर्गात सांगितलं. "एकही ओळ रिकामी सोडायची नाही."

वर्गात औषधवाल्याची मुलगी होती. तिला सगळे प्रश्नचिन्ह म्हणायचे. तिचा हात वर्ग सुरू होण्याआधीच वर असे.

"नव्या बाई, दहा पापं नसतील तर?"

"असतात. आठवून बघ."

"आठवूनही सहाच आली तर?"

"अजून आठव."

"पण नसलेलं लिहिलं तर ते खोटं होईल ना?" प्रश्नचिन्हाने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "म्हणजे सातवं मिळालं!"

एकोणीस वर्षांत नव्या बाईंना असा दावेदार भेटला नव्हता.

"अंशतः म्हंजे काय?" हा आवाज 'खिडकी'चा. पुढचे दोन दात एकदम पडल्यापासून त्या पोराला हेच नाव पडलं होतं.

"थोडासा."

खर्रखर्र आवाज झाला. अकराही मुलांनी 'आहे' आणि 'नाही' खोडून टाकलं होतं.

उरलेलं घरी भरून आणायला सांगितलं, ही दुसरी चूक. कारण मंगळवारपर्यंत मुलांमध्ये पापांची टंचाई पडली, आणि टंचाई पडली की बाजार भरतोच. प्रश्नचिन्हाकडे चौदा होती. तिने वरची चार विकायला काढली. तिने बायबलातल्या दहा आज्ञा पाठ केलेल्या असल्यामुळे माल अस्सल होता. खिडकीने एक शार्पनर देऊन तिच्याकडून घेतलं ते असं: 'शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरला. चार वेळा. साक्षीदार – बैल.' खिडकीचा शेजारी दातांचा डॉक्टर होता. जुळ्या बहिणींनी तर सरळ कामं वाटून घेतली. एकीने मारायचं, दुसरीने चहाडी करायची, मग उलट. संध्याकाळपर्यंत दोघींचे तक्ते भरले आणि दोघींच्या दंडांवर वळ उठले.

बुधवारी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी जिन्यातच गाठलं. "काय गं, पोरांकडून दहा-दहा मागतेस म्हणे?"

"काकू, नीट तयारी नको का?"

"आमच्या वेळी तीनच असायची. खोटं बोलले, भांडले, प्रार्थनेत डुलकी घेतली. ती तीन धुतली की माणूस स्वच्छ. तू एवढ्याशा लेकरांना दहाचं माप घातलंस. अगं, अंगापेक्षा माप मोठं केलंस की पोरं तेवढी वाढून दाखवतात!"

नव्या बाईंनी उत्तर द्यायच्या आत औषधवाला आला. त्याने औषधाच्या कागदी पिशवीतून घडी केलेला तक्ता काढला आणि इकडेतिकडे बघून पुढे केला. "चौथी ओळ वाचा, ताई."

'आत्याचा फोन आला की पप्पा अंघोळीला गेलेत असं सांगणे. आठवड्यातून तीन वेळा. कोणाविरुद्ध – आत्या. साक्षीदार – पप्पा (शेजारी उभे).'

"हे खोडता येईल का?"

"लिहिलंय तिने. पाप तिचं आहे."

"अहो, तिचं कसलं! माझं आहे ते!"

"मग तुम्ही वेगळा तक्ता घ्या."

त्यांनी चिडून दिलेला कोरा तक्ता औषधवाल्याने शांतपणे घेतला. जरा थांबून म्हणाला, "अजून एक असेल तर द्या. घरी मोकळेपणाने बोलायला बरा आहे."

गुरुवारी तक्ते परत आले. जुळ्यांच्या आईने दोन्ही तक्ते नव्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिले होते. "'बहिणीला चावले' हे बरं दिसत नाही हो. मी 'रागावर ताबा राहिला नाही' केलंय. फादर वाचणार म्हटल्यावर घराचं नाव असतं." एका मुलाचे आजोबा निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी नातवाचा तक्ता लाल शाईने तपासून शेरा दिला होता: 'अक्षर चांगले. पश्चात्तापात सुधारणेस वाव. दहापैकी सहा.' नव्या बाईंनी सगळे तक्ते लावून घेतले आणि कचेरीच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या प्रतीला त्याचा तक्ता टाचून ठेवला. मूळ कागद वर, सहपत्र खाली. एकोणीस वर्षांत त्यांनी सहपत्र कधी हरवू दिलं नव्हतं. आता हरवलं असतं तर फार बरं झालं असतं.

कारण त्याच दुपारी चर्चच्या ऑफिसातल्या मावशींनी निरोप धाडला, की बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या प्रती ताबडतोब पाठवा, धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाला जायच्यात. नव्या बाईंनी गठ्ठा उचलला, मावशींच्या टेबलावर ठेवला आणि कचेरीत परत धावल्या. टाचण्यांची आठवण त्यांना दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता झाली. एक जळालेलं गोदाम तपासताना हातातला पेन गळून पडला. साहेबांना वाटलं, गोदामात काहीतरी सापडलं.

त्या धावत चर्चच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा पाकीट मावशींच्या टेबलावरच होतं. जाडजूड, लाख लावून बंद केलेलं.

"मावशी, त्यात चुकून दुसरे कागद गेलेत. जरा उघडता का?"

"नाही उघडता येणार." मावशींनी रजिस्टर फिरवून दाखवलं. "आवक दोनशे बारा ते दोनशे बावीस. प्रत्येक पानावर गोल शिक्का मारलाय, मागच्यावरही. आणि ही जावक. पाकीट गेलंय."

"अहो, हे समोर दिसतंय ना!"

"दिसतंय ते टेबलावर. नोंदीत ते गेलंय."

हेच वाक्य, अगदी याच सुरात, नव्या बाई स्वतः एकोणीस वर्षं लोकांना ऐकवत आल्या होत्या. पलीकडच्या खुर्चीवर ते इतकं लागतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, पण त्याचा अर्ज पूर्ण भरलेला नसेल.

"मग आता?"

"फादरांच्या नावे अर्ज करा. विषय स्पष्ट लिहा. टपाल उद्या दहाला निघतं."

अर्ज त्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून लिहायला लागल्या. शेजारी त्यांचे पप्पा शर्टाला इस्त्री करत होते. पप्पा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. एके काळी अर्जाचा मसुदा करावा तर त्यांनीच. पण आई गेल्यापासून ते बोलायचे ते 'हो', 'नको' आणि 'गॅस बंद केलास का' एवढंच.

"विषय काय घातलास?" त्यांनी इस्त्री न थांबवता विचारलं.

"पापे परत मिळावीत अशी विनंती."

इस्त्री थांबली. "विनंती विषयात नसते, ती मजकुरात येते. विषयात 'मिळणेबाबत' लिही."

त्यांनी लिहिलं. 'विषय : पापे परत मिळणेबाबत. संदर्भ : आपले आवक क्र. २१२ ते २२२.' पप्पांनी कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला. संदर्भापर्यंत आले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी नव्या बाईंना काळजी वाटली. मग पप्पांच्या तोंडून आवाज फुटला, आणि ते हसतायत हे कळल्यावर त्याही हसत सुटल्या. सात आठवड्यांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. इस्त्रीखाली शर्टाचा खिसा जळाल्याचं वासावरून कळलं, तेव्हाही दोघं हसतच होती.

शनिवारी सकाळी फादरांनी अर्ज वाचला. वाचताना त्यांनी बराच वेळ खोकल्याचं निमित्त केलं. मग गंभीर झाले. "ताई, हे कानात सांगायचं असतं. मी ऐकतो आणि ते तिथेच संपतं. फाईल होत नाही त्याची. मलासुद्धा ते कुणाला सांगायची मुभा नाही, आणि तुम्ही शिक्के मारून घेतलेत!" त्यांनी अर्जावर सही केली. मावशींनी तो अर्ज रीतसर आवक करून घेतला आणि मगच पाकीट फोडलं. चर्चची घंटा वाजवणारे आणि वेदीची देखभाल बघणारे घंटेवाले काका वेदीवरची सुकलेली फुलं एका पत्र्याच्या डब्यात जाळायचे. अकरा तक्ते, लाल शेऱ्यांसकट आणि बैलासकट, त्या डब्यात गेले.

आता दुपार. तीन वाजता मुलं पुढच्या दोन बाकांवर बसलेली, पालक मागे. बाजूच्या भिंतीशी कन्फेशनची लाकडी चौकट. मधे जाळी, जाळीपलीकडे फादर बसलेले, अलीकडे जांभळा पडदा. नव्या बाईंनी खिडकीकडे पाहून मान हलवली. खिडकीने बाकाची कड धरली.

"माझा तक्ता कुठाय?"

"तक्ता नाही लागत. तोंडाने सांगायचं."

"मग मला काय आठवणार?"

बातमी बाकावरून सरकत गेली. तक्ते गेले! प्रश्नचिन्हाचा हात वर आला. "नव्या बाई, माझे पप्पा म्हणत होते, तक्ते शिक्के मारून बिशपांकडे गेले होते. बिशपांनी वाचले?"

"कुणी नाही वाचले."

"मग शिक्का कुणी मारला?"

जुळ्यांपैकी एकीने भोकाड पसरलं. ते ऐकून दुसरीने. मागून त्यांच्या आईने दबक्या आवाजात बजावलं, "रागावर ताबा! रागावर ताबा!" पडद्याआडून फादर दोनदा खाकरले. साडेतीन झाले. एकही मूल उठेना. निवृत्त मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहून ते सगळ्यांना दिसेल असं मनगट उंच धरलं. नव्या बाईंनी आईची वही उघडली. तेच कोरं पान, त्याच तीस तारखा. त्यांना खोलीत एकावर एक रचलेल्या खुर्च्या दिसायला लागल्या.

घंटेवाले काका मेणबत्त्या सरळ करत जवळ आले, त्यांनी वहीत डोकावून पाहिलं.

"या धड्याला तुझी आई काही शिकवायचीच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? मुलं मग आत कशी जायची?"

"ती जायची ना आधी. दरवर्षी. मुलांच्या देखत उठायची, पडद्याआड जायची, बाहेर येऊन नाक पुसायची आणि बाकावर बसायची. मग पोरं आपोआप रांग लावायची. वहीत काय लिहिणार त्याचं?" आणि ते पुढच्या मेणबत्तीकडे वळले.

तीस तारखा. नव्या बाईंनी वही मिटली. आपल्याला अकरा वर्षांत या पडद्याकडे पाऊल टाकायला जमलं नाही आणि आपण अकरा मुलांना रकाने आखून दिले, हे त्यांना तिथे, सगळ्या पालकांसमोर, अगदी स्वच्छ दिसलं. ते दिसणं काही सुखाचं नव्हतं. पण मागे पप्पा बसले होते, खिसा जळालेला शर्ट घालून, आणि पुढे बाईस डोळे होते.

त्या उठल्या आणि पडद्याआड गेल्या.

आत गुडघे टेकल्यावर समोर फक्त जाळी. अनुक्रमांक कुठून धरावा कळेना. "फादर, अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. शेवटच्या वर्षी आई दर शनिवारी एकच विचारायची, 'उद्या येतेस का गं? नुसती मागे बस'. त्यावर दर शनिवारी आपण काय उत्तर देत होतो, तिथून त्यांनी सुरुवात केली. पुढचं इथे लिहायचं कारण नाही. ते कुठल्याच रजिस्टरात चढलेलं नाही.

बाहेर काय चाललं होतं हे त्यांना नंतर काकांकडून कळलं. पाच मिनिटं मुलं गप्प होती. दहा मिनिटांनी खिडकी बोटं मोजायला लागला. पंधराव्या मिनिटाला जुळ्या रडायच्या थांबल्या आणि एकमेकींकडे आदराने बघू लागल्या. विसाव्या मिनिटाला प्रश्नचिन्ह हळूच म्हणालं, "बापरे."

पडदा सरकला. नव्या बाई बाहेर आल्या, नाक पुसलं आणि बाकाच्या टोकाला बसल्या. बाकावर मुलं त्यांच्याकडे सरकली.

"बाई," प्रश्नचिन्ह म्हणालं. 'नव्या' कुठेतरी गळून पडलं होतं. तिच्या लक्षातही आलं नाही. "फादर रागावले?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"तुमची किती होती?"

"तक्ता पुरला नसता."

बाकावर एक मोठा सुस्कारा गेला. "मग आमची तर कायच नाहीत!" खिडकी म्हणाला, उडी मारून उठला आणि पडद्यात शिरला. दोन मिनिटांत परत आला, मोठं ओझं कुठेतरी उतरवून ठेवल्यासारखा. प्रश्नचिन्हाच्या शेजारी बसून त्याने हात पुढे केला.

"माझा शार्पनर दे. बैल मी नाही सांगितला."

"का?"

"तो माझा नव्हताच."

मग रांग लागली. जुळ्या एकदम आत घुसल्या, फादरांनी एकीला बाहेर पाठवलं. प्रश्नचिन्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. आतून फादरांचा आवाज येत नव्हता. ते उत्तरं देण्यात गुंतले असावेत असा सगळ्यांचा कयास. शेवटचं मूल बाहेर आलं तेव्हा औषधवाला आपण होऊन उठला, एकदा मुलीकडे आणि एकदा पडद्याकडे बघून शर्ट नीट केला आणि आत गेला. खिशातून कोरा तक्ता डोकावत होता, तो त्याने काढून बाकावर ठेवला.

अकराही मुलं झाली. फादर बाहेर आले, पाठ चोळली आणि नव्या बाईंपाशी थांबले. आत ऐकलेल्यातलं अक्षरही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. "त्या खुर्च्यांचं काय करायचं, ताई? कुठेतरी ठेवाव्या लागतील."

"ती खोली सोडून कुठेही ठेवा, फादर."

सगळे गेल्यावर त्या खोलीत जाऊन बसल्या आणि आईची वही आठव्या धड्यावर उघडली. पुढच्या वर्षासाठी दोन ओळी टिपून ठेवाव्यात म्हणून पेन काढला. बराच वेळ तो कागदावर टेकवून धरला. मग तिसाव्या तारखेखाली, आईच्या अक्षराच्या सरळ रेषेत, त्यांनी आजची तारीख लिहिली. सवयीने हात तारखेच्या आधी क्रमांक घालायला गेला, तो त्यांनी आवरला, आणि बाकीचं पान होतं तसं कोरं ठेवून वही मिटली.